काळं वाचायचं, लाल करायचं

धाकटा भाऊ कागद घेऊन आला तेव्हा प्रेसवाली जमिनीवर गुडघे टेकून सांडलेले खिळे वेचत होती. खिळे म्हणजे शिशाची अक्षरं. बाकी सगळं छापकाम आता तिच्याकडेही संगणकावरच व्हायचं. पण एक पुस्तक अजून हाताने खिळे जुळवूनच छापायचं, असा आजोबांच्या वेळेपासूनचा रिवाज होता. ते म्हणजे वेदीची प्रत. चर्चमध्ये मोठा विधी असला की लोकांच्या हातात बारीक टायपातली पुस्तिका पडते, आणि जो विधी चालवतो त्याच्यासमोर मोठ्या अक्षरांतलं, लाल कापडात बांधलेलं एकच पुस्तक ठेवतात. त्यात काळ्या शाईत असेल ते मोठ्याने वाचायचं आणि लाल शाईत असेल ते मुकाट्याने करायचं. काळं वाचायचं, लाल करायचं. पाद्री होणाऱ्या प्रत्येकाला हे इतकं घोटून देतात की म्हातारपणी स्वतःचं नाव विसरेल, पण हे विसरणार नाही.

"ताई, खाली काय करतेस? वय झालं तुझं."

"या फादर. आशीर्वाद द्या जरा गुडघ्यांना. तुमचं दुपटं धुताना झिजलेत."

धाकटा हसला नाही. पूर्वी हसायचा. अंगात पांढरा झगा आला त्या वर्षी हसायचा, बिशपांच्या कचेरीत बदली झाली तेव्हाही हसायचा. आता तो नव्या बिशपांचा चिटणीस होणार होता आणि त्याच्या तोंडावर आधीपासूनच मोहोर मारल्यासारखं काहीतरी बसलं होतं.

"पुढच्या रविवारी साहेबांना बिशपपदाचा अभिषेक. मागच्या वेळचीच पुस्तिका घ्यायची. फक्त अकरावं पान काढायचं. तिथे साहेबांचा फोटो."

"आणि वेदीच्या प्रतीत? आर्चबिशप काय फोटो वाचणार आहेत?"

"तिथे कोरं ठेव."

तिने कागद उजेडात धरला. अकराव्या पानावर आडवी काट मारलेली होती, तीही पेन्सिलीने. पेनाने मारायची छाती कोणाची झाली नव्हती.

त्या पानावर काय होतं ते तिला पाठ होतं. नव्या बिशपाच्या डोक्यावर हात ठेवण्याआधी आर्चबिशप लोकांकडे वळतो आणि विचारतो: हा माणूस योग्य आहे का? बस, एवढंच. सगळ्या दोन तासांच्या विधीत लोकांना काही विचारलं जातं ते इथेच. बाकी वेळ उठा, बसा, गुडघे टेका आणि आमेन.

"का काढायचं रे?"

"वेळ वाचतो."

"किती? अर्धा मिनिट?"

"ताई, तू छाप ना गपचूप. प्रत्येक कामात तुझं का, कशाला, कुणी."

"मला विचारायची सवय मावशीने लावली. तुलाही लावली होती. तुझी गेली."

मावशीचं नाव निघताच धाकट्याने घड्याळात पाहिलं आणि निघाला. दरवाज्यात मशीनवाला उभा होता. त्याने फादरना वाट दिली, पण मान लववली नाही.

नव्या बिशपांना लोक पाठीमागे पुरेसाहेब म्हणत. गेली वीस वर्षं ते कचेरीत दोन नंबरच्या खुर्चीवर होते, आणि कोणीही काहीही सांगायला गेलं की तिसऱ्या वाक्याला हात वर करून म्हणत, "पुरे." विधवा असो, मास्तर असो, सगळ्यांना तेच. माणूस वाईट नव्हता असं म्हणणारेही होते. म्हणोत बापडे. ज्यांचं तिसरं वाक्य राहून गेलं त्यांना विचारा.

चौदा वर्षांपूर्वी मावशी त्यांच्यापुढे उभी राहिली होती. मावशी म्हणजे प्रेसवालीच्या आईची बहीण. वयाच्या विसाव्या वर्षी सिस्टर झाली, परिचारिकेचं शिकली आणि चर्चच्या मुलांच्या वसतिगृहात दवाखाना सांभाळू लागली. शिवाय रविवारी धर्माचा वर्ग घ्यायची. वर्गात ती सांगायची, "बिशप म्हणजे देखरेख करणारा. मूळ शब्दाचा अर्थच तो. आणि पोरांनो, पहिल्या काही शतकांत लोक बिशप निवडायचे. कोळी, तंबू शिवणारे, धोबी, सगळे जमायचे आणि म्हणायचे, हा आमचा. वरून पार्सल येत नव्हतं." पोरं हसायची. वसतिगृहाचे रेक्टर हसायचे नाहीत.

हे रेक्टर पट्ट्याने मारायचे. रागाच्या भरात मारणं वेगळं. हे नेमाने मारायचे, संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर, नावं पुकारून. मावशी औषध लावायची आणि वहीत तारीख, नाव, जखम लिहायची. एके दिवशी एका पोराच्या कानातून रक्त आलं ते थांबेना. मावशीने वहीवरून पाच पानी पत्र लिहिलं आणि कचेरीत जाऊन पुरेसाहेबांच्या हातात दिलं. आठ दिवसांनी उत्तर आलं. रेक्टरांना दुसरीकडे मोठ्या शाळेवर बढती. आणि मावशीला आदेश: दवाखाना सोडावा, वर्ग सोडावा, दूरच्या मठात जावं, आणि या विषयावर, "वरिष्ठांनी विचारल्याशिवाय" एक शब्द बोलू नये.

तिने आज्ञापालनाची शपथ घेतलेली. तिने पाळलं. चौदा वर्षं पाळलं. भाचीने रडून विचारलं, ओरडून विचारलं, मावशी म्हणायची, "हवापाणी विचार, पोरी." आणि वरिष्ठांपैकी एकानेही विचारलं नाही. विचारतील कशाला? कुलूपही ज्याचं आणि किल्लीही ज्याच्याच खिशात, तो कुलूप कशाला उघडेल?

आता मावशी सत्त्याहत्तर वर्षांची होती. हृदय थकलं म्हणून तिला इथल्या मठात, धुणीघराशेजारच्या खोलीत आणून ठेवलं होतं. डॉक्टरांनी प्रेसवालीला बाजूला घेऊन सांगितलं होतं की पावसाळा काढला तर नशीब. म्हणजे ते सगळं पोटात घेऊनच मावशी जाणार होती, आणि ज्याने तिचं तोंड शिवलं तो गादीवर बसणार होता. प्रेसवालीला रात्री झोप लागत नव्हती ती याच्यामुळे. तिला पुरेसाहेबांचं वाटोळं बघायचं होतं असं नाही. बघायला मिळालं असतं तर तिने नाही म्हटलं नसतं, ते सोडा. पण तिला मुळात हवं होतं ते एवढंच: मरायच्या आधी मावशीला कोणीतरी विचारावं.

धाकटा गेल्यावर तिने स्टूल घेतलं आणि वरचं फडताळ उघडलं. छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची एक प्रत ठेवायची ही आजोबांची शिस्त. अभिषेकाच्या वेदीप्रती तीन होत्या. तिन्ही तिने टेबलावर उघडल्या आणि मशीनवाल्याला हाक मारली. त्याचा डावा कान काम करत नसे, म्हणून उजवीकडून.

"वाच."

आजोबांच्या प्रतीत लाल अक्षरांत होतं की लोकांसमोर तीन नावं ठेवावीत आणि ज्याला जास्त आवाज मिळेल त्याला पुढे आणावं.

"बाई, ही तर निवडणूक!"

"होतीच. इथे तरी होती. पुढचं वाच."

वडिलांच्या प्रतीत नाव एकच, वरून आलेलं. पण आर्चबिशप लोकांना विचारतात: हा योग्य आहे का? कोणाला काही ठाऊक असेल तर देवासमोर, न भिता, आत्ता सांगावं. खाली लाल अक्षरांत: उत्तर पूर्ण होईपर्यंत ऐकावे. मध्ये कोणी बोलू नये. शंका निघाल्यास विधी थांबवून चौकशी करावी.

तिसरी प्रत गेल्या वेळची, तिने स्वतः जुळवलेली. हा योग्य आहे का? आणि त्याखाली लगेच ठळक टायपात: लोक म्हणतील, योग्य आहे.

मशीनवाला हसला. "म्हणजे पेपरही त्यांचा आणि उत्तरपत्रिकाही त्यांचीच."

"आणि आता फोटो," ती म्हणाली. "आधी निवडायचे. मग सांगायचे. मग हो म्हणायचे. आता बघायचं."

तिला स्वतःचाही राग आला. 'लोक म्हणतील, योग्य आहे' हे खिळे तिच्याच बोटांनी जुळवले होते. तेव्हा तिला काही वाटलंसुद्धा नव्हतं. मजकूर बरोबर आहे का एवढंच पाहिलं, खरा आहे का ते नाही.

मग तिला वडिलांची चूक आठवली.

हे आर्चबिशप तेव्हा साधे बिशप होते. एका नव्या चर्चच्या उद्घाटनाला आले. वेदीच्या प्रतीत वडिलांच्या हातून एक लाल ओळ चुकून काळ्या शाईत गेली. आणि बिशपस्वामींनी ती भर प्रार्थनेत, हात पसरून, सुरात म्हटली: "येथे तीन वेळा घंटा वाजवावी!" सगळ्या लोकांनी सुरात उत्तर दिलं: "आमेन!" वडिलांनी आठवडाभर घराबाहेर तोंड काढलं नाही. पण स्वामींना त्यात काही वावगं वाटलंच नव्हतं. पुस्तकात काळं होतं, त्यांनी वाचलं.

आता ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. दूरच्या शहरातून येणार, आदल्या दिवशी उतरणार. डोळ्यांना कमी दिसायचं, म्हणून पुस्तकातली मोठी अक्षरं सोडून दुसरं काही बघायचेच नाहीत.

"बाई," मशीनवाला हळूच म्हणाला, "तुमच्या डोक्यात चाललंय ते माझ्याही डोक्यात चाललंय का?"

"तुझ्या डोक्यात काय चाललंय?"

"आर्चबिशप म्हणजे वरिष्ठच ना? सिस्टरांचे?"

"सगळ्यांचेच."

तो शाईचा डबा उघडायला गेला. चौदा वर्षांपूर्वी ज्या पोराच्या कानातून रक्त आलं होतं तो हाच. आता अठ्ठावीस वर्षांचा होता, मिशा ठेवल्या होत्या, दोन मुलींचा बाप. नवे गिऱ्हाईक समजायचे मशीनच्या आवाजाने कान गेला. तोही समजू द्यायचा.

दुसऱ्या दिवशी ती मावशीकडे गेली. धुणीघराच्या वाफेने भिंतीला पोपडे आले होते. मावशी खिडकीपाशी बसून मठातल्या सगळ्यांचे मोजे रफू करत होती.

"मावशी, अभिषेकाला येशील ना? पुढे बसवते तुला."

"त्याच्या अभिषेकाला?" मावशीने दाताने दोरा तोडला. "येईन की. बँड आहे म्हणे."

"मावशी, वरिष्ठांनी विचारलं तर तू सांगशील?"

मावशीने सुई थांबवली. "हवापाणी विचार, पोरी."

"मी ते विचारतच नाहीये. मी विचारतेय, विचारलं तर."

मावशीने मोजा मांडीवर ठेवला. मग मावशी म्हणाली, "आदेश कागदावर आहे. विचारल्याशिवाय बोलू नये. विचारलं तर गप्प राहावं असं त्यात कुठे नाही. मी तो कागद किती वेळा वाचलाय तुला माहीत आहे?" आणि पुन्हा मोज्यात सुई घातली. "पण विचारणारा तोंडाने विचारेल तर. तू माझ्या वतीने बोलायचं नाहीस. तुझं तोंड तुझं, माझं माझं."

प्रेसवालीने आपला बेत सांगितला नाही. सांगितला असता तर मावशीने 'हे लबाडीचं आहे' म्हणून एक तास ऐकवलं असतं. आणि होती का ही लबाडी? रस्ताभर ती स्वतःशी भांडत गेली. एक अक्षर ती मनाचं घालणार नव्हती. वडिलांचं पान जसंच्या तसं. जे पान कोणी पेन्सिलीने काढलं ते ती शिशाने परत घालणार होती, एवढाच फरक. लबाडी असेल तर ती आधी ज्याने सुरू केली त्याला विचारा.

तीन दिवस तिने खिळे जुळवले. हातातल्या पट्टीत उलटी अक्षरं बसवत जायची, ओळ भरली की खाली उतरवायची. मशीनवाल्याने आधी काळं छापलं, शाई वाळली तशी तीच पानं पुन्हा चढवून लाल छापलं. लाल ओळ केसभरही हलली नव्हती. एरवी तो चहाला दहादा जायचा. या वेळी एकदाही गेला नाही.

शुक्रवारी धाकटा प्रूफवर सही करायला आला. लोकांच्या पुस्तिकेचा फोटो पाहून म्हणाला, "छान आलेत साहेब." मग वेदीच्या प्रतीची पानं उलटली. अकराव्या पानावर त्याचा हात थांबला.

मशीनवाल्याने मशीन बंद केलं.

"ताई, हे काय?"

"वडिलांचं पान आहे. ओळखलं नाहीस?"

"वेडी झालीस का? कोरं ठेव म्हटलं होतं!"

"आरडू नकोस. फाडायचं तर फाड. एकच प्रत आहे. जुळवलेले खिळे अजून सोडवले नाहीत, पण परत छापायला वेळ नाही. फाड."

"मला संपवतील ते."

"मावशीला संपवलं तेव्हा टाइपरायटरवर कोण बसलं होतं?"

धाकट्याने पानावरचा हात काढून घेतला. हे घरात कधीच बोललं गेलं नव्हतं. त्या वर्षी तो नुकताच कचेरीत लागला होता. मौनाचा तो आदेश साहेबांनी तोंडी सांगितला आणि याने टाइप केला. सख्ख्या मावशीचा. 'वरिष्ठांनी विचारल्याशिवाय' हे शब्द त्याच्याच बोटांतून गेले होते, जसे 'लोक म्हणतील' हे तिच्या बोटांतून गेले.

"मला सांगितलं ते मी केलं," तो म्हणाला. आवाज लहानपणीचा झाला होता.

"मीही तेच केलं रे, गेल्या वेळी. आपलं सगळं घराणंच सांगकामं. आता आर्चबिशपही सांगितलेलंच करतील. बघू तरी एकदा, सांगकामेपणातून काही चांगलं निघतंय का."

त्याने पान फाडलं नाही. मग मशीनवाल्याकडे वळला. स्वतः त्याच्या डाव्या बाजूला उभा होता, म्हणून चालत जाऊन उजव्या बाजूला आला आणि म्हणाला, "दुखतो का अजून?"

"थंडीत," मशीनवाला म्हणाला.

धाकट्याने पेन काढलं. प्रूफच्या कोपऱ्यात 'छापावे' लिहून पूर्ण नावाची सही केली, तारीख टाकली आणि कोणाकडे न बघता निघून गेला.

रविवारी चर्चमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. पुढच्या रांगांत सरकारी पाहुणे, मागे बाकी सगळे. प्रेसवालीने मावशीला तिसऱ्या रांगेत कडेला बसवलं आणि स्वतः शेजारी बसली. मावशी पुस्तिका चाळत म्हणाली, "फोटो फार मोठा छापलायस. नाक बघ."

पुरेसाहेब वेदीच्या पायरीखाली उभे होते. मुकुट शेजारी उशीवर ठेवलेला. आर्चबिशप वाळक्या काडीसारखे, पण आवाज खणखणीत. पुस्तक धरायला धाकटा उभा. दहावं पान झालं. गायनमंडळाच्या मास्तराने पुढच्या गीतासाठी हात वर केला. धाकट्याने पान उलटलं.

आणि आर्चबिशप लोकांकडे वळून खड्या आवाजात वाचू लागले.

"बंधूंनो आणि भगिनींनो, हा माणूस बिशपपदाला योग्य आहे का? कोणाला काही ठाऊक असेल तर देवासमोर, न भिता, आत्ता सांगावे."

मास्तराचा हात हवेतच राहिला. लोकांनी पटापट पुस्तिकांची पानं उलटली. तिथे साहेब हसत होते. पुरेसाहेबांनी चमकून धाकट्याकडे पाहिलं. धाकटा पुस्तकाकडे पाहत होता.

आर्चबिशपांनी पुढची लाल ओळ मनात वाचली आणि ते थांबले. पुस्तकात ऐकावे होतं. ते ऐकत उभे राहिले.

कोणी बोलेना. कोणीतरी खोकलं. प्रेसवालीने मावशीकडे पाहिलं. मावशी डोळे मिटून बसली होती. ऐकू तरी आलं का हिला? बोल ना ग मावशी. आपणच उठावं असं तिला वाटलं, तिने बाकाची कड धरलीही. तुझं तोंड तुझं, माझं माझं. ती दात आवळून बसून राहिली. तिच्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम ते, गप्प बसणं.

मावशीने डोळे उघडले. काठी टेकली. उठायला तिला वेळ लागला, पण कोणाचा हात घेतला नाही.

"स्वामी," ती म्हणाली, "आपण विचारलंत का?"

आर्चबिशपांनी पुस्तकात पाहिलं. "हो. विचारलं."

"मग सांगते. मी मुलांच्या वसतिगृहात परिचारिका होते. तिथे रेक्टर पोरांना पट्ट्याने मारायचे. एक दिवसाआड. वीस पोरं होती, मला वीसच्या वीस नावं येतात. एकाचा कान फुटला. माझ्या पदराने मी रक्त पुसलं. मी पत्र लिहिलं, पाच पानं, आणि हे इथे उभे आहेत त्यांच्या हातात दिलं. त्यांनी वाचलं. वाचलं नाही असं त्यांनी म्हणू नये, मी समोर उभी होते. पाचही पानं वाचली. मग घडी घातली आणि मला म्हणाले..."

"स्वामी!" पुरेसाहेबांनी हात वर केला होता. "हे विधीत नाही!"

आर्चबिशपांनी ओळीवर बोट ठेवलं. "इथे आहे."

"लोकांच्या पुस्तिकेत नाही!"

"माझ्या पुस्तकात आहे. आणि मध्ये कोणी बोलू नये, असंही आहे." ते मावशीकडे वळले. "सिस्टर, पुढे."

मावशीने पुढचं सगळं सांगितलं. रेक्टरांची बढती, दूरचा मठ, चौदा वर्षं. आवाज चढवला नाही. हवापाणी सांगावं तसं सांगितलं. शेवटी म्हणाली, "बिशप म्हणजे देखरेख करणारा. या माणसाने देखरेख केली नाही असं नाही. केली. पट्ट्याची केली. म्हणून माझं उत्तर, योग्य नाही." आणि बसली.

"उत्तर पूर्ण झालं का?" आर्चबिशपांनी विचारलं.

"नाही," मागून आवाज आला. मशीनवाला बाकावर चढून उभा होता, नव्या सदऱ्यात, मुलगी कडेवर. "तो कान माझा."

त्याच्या पलीकडे एक बसचालक उठला. खांबाआडून एक शिंपी उठला. मग कोण कोण उठलं ते प्रेसवालीला दिसलं नाही, कारण डोळ्यांपुढे सगळं पाणी झालं होतं. मावशी मात्र मान वळवून एकेकाला बघत होती आणि ओठांत नाव घेत होती.

आर्चबिशपांनी शेवटची लाल ओळ वाचली. पुस्तक मिटलं. "विधी थांबला आहे," ते म्हणाले, आणि मुकुट ठेवलेली उशी उचलायला लावून आत निघून गेले.

आतल्या खोलीत, जिथे झगे टांगलेले असतात, तिथे गदारोळ माजला. पुरेसाहेब ओरडले. "हे कोणी छापलं? कोणाच्या परवानगीने?"

"प्रूफवर सही माझी आहे," धाकटा म्हणाला.

"आणि खिळे माझे," प्रेसवाली म्हणाली. तिने पिशवीतून वडिलांची प्रत काढून आर्चबिशपांपुढे ठेवली. "एक शब्द मनाचा नाही, स्वामी. ताडून बघा."

त्यांनी भिंग लावून ताडून पाहिलं. "हे रद्द केव्हा झालं?" त्यांनी पुरेसाहेबांना विचारलं.

पुरेसाहेबांनी दरवाज्याकडे पाहिलं.

"रद्द झालंच नाही, स्वामी," ती म्हणाली. "छापायचं थांबवलं, एवढंच. आणि तेही आम्हीच. आमच्या हातांनी."

म्हातारे स्वामी खुर्चीत बसले. एकदम फार थकलेले दिसले. "चौकशी होईल," ते म्हणाले. "माझा शब्द आहे. कागद मागवले जातील, रेक्टरांनाही बोलावलं जाईल. सिस्टर, चौकशी पूर्ण होईपर्यंत, चर्चची अब्रू म्हणून, तुम्ही या विषयावर बाहेर बोलू नये."

धाकट्याने मान खाली घातली. प्रेसवालीच्या तोंडात शिवी आली आणि तिथेच अडकली, कारण मावशी उठली होती.

"नाही," मावशी म्हणाली.

आर्चबिशपांना वाटलं त्यांनाच नीट ऐकू आलं नाही. "सिस्टर, ही आज्ञा आहे."

"कळलं मला. म्हणूनच नाही म्हणतेय. चौदा वर्षं पाळली, स्वामी. माझ्या पाळण्याने कोणाचा कान वाचला? तो रेक्टर अजून शाळेवर आहे. मी गप्प बसले त्या प्रत्येक दिवशी तिथे कोणीतरी पोरगं प्रार्थनेनंतर आपलं नाव पुकारायची वाट बघत असेल. ते माझ्या डोक्यावर आहे, तुमच्या नव्हे. मला मठातून काढायचं तर काढा. भाचीकडे राहीन. तिचा स्वयंपाक वाईट आहे, पण चालवून घेईन."

"शपथ मोडाल?"

"मोडली, स्वामी. आत्ताच. तुमच्यासमोर."

तिने काठी घेतली आणि दरवाजा उघडला. बाहेर पायऱ्यांवर, अंगणात, फाटकापर्यंत माणसं थांबलेली होती. दुपारचं ऊन कडक होतं तरी कोणी घरी गेलं नव्हतं. प्रेसवाली मावशीला धरायला धावली. मावशीने तिचा हात झटकला आणि स्वतःच वरच्या पायरीवर बसली, काठी आडवी मांडीवर घेऊन.

"पहिल्यापासून सांगते," ती म्हणाली. "वीस नावं आहेत, वेळ लागेल. कोणाला घाई असेल त्याने आत्ताच जावं. आणि पोरी, तू पाणी आण."